उघडी पडलेली भिंत

शेजारचा वाडा पाडून झाला, माती-दगड उचलून नेले, आणि आमच्या भिंतीवर शेजाऱ्यांचं घर तसंच राहिलं. खाली ओलसर मातीचा पट्टा, त्यावर त्यांच्या माजघराचा निळा रंग, मधोमध दोन कोनाडे. एका कोनाड्याच्या वर दिव्याच्या काजळीचा काळा तुरा. त्याच्याही वर, जिथे त्यांचा माळा होता तिथे, छताच्या लाकडी कड्यांची टोकं बसायची त्या चौकोनी खोबणींची रांग. एका खुंटीला सुतळीचा तुकडा अजून लोंबत होता. मी त्या मोकळ्या जागेत उभी राहून वर बघत होते. लहानपणी त्या माजघरात मी किती वेळा जेवले असेन. आता त्याच्यावर ऊन पडलं होतं.

आमचा वाडा वाईच्या मधल्या आळीत आहे. वाईच्या आळ्या नदीकडे उतरतात. कुठल्याही आळीत शिरा, उताराला लागा, की शेवटी पायाखाली घाटाच्या पायऱ्या येतात आणि समोर कृष्णा. असे सात घाट आणि त्यांच्या नावाच्या सात वस्त्या. माघ महिन्यापासून एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून नदीला नवस बोलले होते, तेव्हापासूनचा हा उत्सव, असं वाईत सांगतात. अफझलखान वाईचाच सुभेदार होता, त्यामुळे त्याची धास्ती इथल्या माणसांना जवळची असणार.

बाहेरच्या माणसाला वाई म्हटलं की ढोल्या गणपती आठवतो. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं ते देऊळ अगदी नदीच्या काठावर आहे, आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, असा तो आकार. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर, नानासाहेब पेशव्यांची सासुरवाडी. त्यांच्यामुळे अठराव्या शतकात इथे देवळं उठली, घाट बांधले गेले, आणि त्या घाटांच्या मागे आळ्या भरत गेल्या. देवळं आणि घाट बघायला माणसं येतात, कॅमेरे येतात. आळ्यांत फारसं कोणी शिरत नाही. आळीत बघण्यासारखं असतं ते भिंतीच्या आत, आणि बाहेरून दिसतात फक्त काळ्या दगडाचं जोतं, वर मातीची उंच भिंत आणि एक जाड दरवाजा.

आळीतले वाडे एकमेकांना चिकटून आहेत. दोन वाड्यांमध्ये एकच भिंत. तिच्या अलीकडे आमच्या खुंट्या, पलीकडे त्यांच्या. ही भिंत बांधणाऱ्याने ती आतली भिंत म्हणून बांधली. तिच्यावर कधी पाऊस पडेल असं त्याच्या मनातही आलं नसेल. म्हणून तिला दगडाचं जोतं जेमतेम हातभर, वर सगळ्या कच्च्या विटा, म्हणजे आमच्याकडचे भेंडे, आणि त्यांच्यामध्ये मातीचा गारा. जाडी सव्वादोन फूट. घरात ती भिंत उन्हाळ्यात गार लागायची. शेजारी घर होतं तोवर ती दोनशे वर्षं उभी राहिली असती.

शेजाऱ्यांचा मला राग आला नाही. तिघे भाऊ, तिघे तीन गावांना, आणि इथे एकट्या काकू. छत गळत होतं. त्यांनी पाच वर्षं रेटलं.

पहिला पावसाळा आम्ही प्लॅस्टिकचा कागद लावून काढला. वाईचा पाऊस महाबळेश्वरसारखा कोसळत नाही, पण पसरणीचा घाट डोक्यावर आहे आणि झड लागली की आठ आठ दिवस सुटत नाही. कागद वाऱ्याने फाटायचा. ऑगस्टमध्ये आईचा फोन आला, "भिंतीला पोट सुटलंय." मी पुण्याहून आले तेव्हा माजघरात भिंत विळ्यासारखी बाकदार झाली होती, आणि तिच्यातल्या फडताळाचं दार लागत नव्हतं.

एका ओळखीच्या अभियंत्यांना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, मातीचं बांधकाम आहे, आयुष्य संपलंय, पाडून घ्या. नवीन इमारत बांधणाऱ्याचा निरोपही त्याच आठवड्यात आला. आई काही बोलली नाही. ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. मग म्हणाली, "आयुष्य संपलंय म्हणजे काय गं? मी आले तेव्हापासून हे असंच आहे."

पाडायचं असो की दुरुस्त करायचं असो, आधी मालकी लागते. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव. त्यांच्यानंतर पाच वाटण्या तोंडी झालेल्या, चौकात मधे विटांची आडभिंत घातलेली, आणि वारस धरून माणसं अकरा. वारस नोंदीची कागदपत्रं, संमतिपत्रं, नगर भूमापनच्या फेऱ्या यांत सात महिने गेले. चुलतभावांपैकी एकाला पाडायचंच होतं आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, त्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता. आम्ही दोघांनी त्याचा हिस्सा विकत घेतला. माझी पुण्यातली ठेव त्यात गेली. एवढंच या भागाचं पुरे.

खरं काम सुरू झालं ते मिस्त्री मिळाल्यावर. चुन्यात काम करणारा माणूस शोधायला दोन महिने लागले. शेवटी देवळाच्या जीर्णोद्धारावर काम केलेले एक मिस्त्री भेटले, सत्तरीच्या आसपासचे, वाईजवळच्याच एका गावचे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर थाप मारली, कान लावला आणि विचारलं, "ताई, ह्ये शिमिट कुणी मारलं?"

ते वडिलांनी करून घेतलं होतं, 1986 मध्ये. मला तो उन्हाळा नीट आठवतो. भिंतींचे पोपडे पडायचे, शेणामातीने सारवायला बायका मिळेनाशा झाल्या होत्या, आणि वडिलांना घर पक्कं करायचं होतं. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर ऑइल पेंट. आम्हा पोरांना केवढा आनंद झाला होता. हात फिरवला तरी माती लागत नव्हती.

मिस्त्रींनी छिन्नीने तो गिलावा सोलला. हातभर रुंदीचा तुकडा पाटीसारखा निघून आला आणि मागून कुबट वास आला, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा येतो तसा. आतले भेंडे हाताने कुस्करत होते. दीड फुटावर भिंतीत चिणलेला सागाचा खांब होता. मिस्त्रींनी त्याच्या बुडात स्क्रूड्रायव्हर खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओला भुसा लागला होता.

तिथे चुलीपुढच्या पाटावर बसून त्यांनी मला जे समजावलं ते मी वाड्यात जन्मून पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढतेच. पावसाळ्यात ती ओल गुडघ्यापर्यंत चढते आणि दिवाळीनंतर वाऱ्याने उडून जाते. दरवर्षी चढते, दरवर्षी उतरते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला जाऊ देतो. सिमेंटने ती वाट बुजते. ओल बाहेर पडायला जागा शोधत वर वर चढते आणि लाकडापाशी जाऊन बसते. लाकूड नुसतं भिजलं तर वाळतं, पण भिजलेलं आणि कोंडलेलं राहिलं की वाळवी आणि बुरशी त्याला सोडत नाहीत. "ह्या भिताडाला श्वास घ्याय जागाच ठिवली न्हाई," ते म्हणाले, "न्हाईतर ह्ये लाकूड तुमच्या नातवाला बी पुरलं असतं."

म्हणजे पावसाने भिंत पाडायला घेतली ती शेवटी. चाळीस वर्षं आम्हीच तिला आतून कुजवत होतो, आणि तेही घरावरच्या मायेने. वडील असते तर त्यांना हे कसं सांगितलं असतं, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

एक गोष्ट तेव्हाच कळली. आमच्या वाड्याचा बहुतेक भार भिंती उचलत नाहीत, उचलतो लाकडाचा सांगाडा. खांब दगडी तळखड्यावर उभा, खांबावर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर मातीचा थर, आणि ती वरच्या मजल्याची जमीन. भिंत त्या सांगाड्याभोवती भरलेली असते. म्हणून पोट सुटलेली भिंत उतरवता येते आणि घर जागेवर राहतं. अट एकच, खांब शाबूत पाहिजेत. आमच्या त्या भिंतीतल्या पाच खांबांपैकी तीन बुडाशी गेले होते.

जानेवारीत टेकू लावले. सागाचे जाड वासे, खाली फळी, मधे लोखंडी जॅक. सुतारमामा रोज सकाळी जॅकचा अर्धा आटा फिरवायचे, त्याहून जास्त नाही. तुळई करकरायची, वरून माती झरायची, मग ते थांबायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचे नाहीत. नऊ दिवसांत तुळई बोटभर उचलली गेली आणि फडताळाचं दार आपोआप मिटलं. आई ते दार त्या दिवशी दहा वेळा उघडून मिटत होती.

खांबांची कुजलेली बुडं कापून तिथे नवीन तुकडा सांधायचा होता. नवीन साग सुतारमामांना पसंत नव्हता, तो वाळताना पिळतो म्हणून. जुनं लाकूड जुन्या बाजारात मिळतं. पाडलेल्या वाड्यांचं साग तिथे येतं आणि हॉटेलांच्या सजावटीला, बंगल्यांच्या फर्निचरला जातं. त्या वखारीत फिरताना मला फार जड झालं. देवघराची महिरप एका बाजूला, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब थप्पी लावून ठेवलेले, दिंडीची, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराची, कडी अजून दरवाजाला. आम्हाला हवा तो खांब मिळाला, कुठल्या गावच्या कुठल्या वाड्यातला ते वखारवाल्यालाही सांगता आलं नाही. त्याच्या माथ्यावर, सांध्याच्या आत, पटाशीने मारलेल्या तीन रेघा आणि एक फुली होती. सुतारमामांनी त्यावर बोट फिरवलं. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्याला खूण करायची, मग सोडून वर चढवायचा. ही ती खूण. आमच्या जुन्या खांबांचे सांधे उघडले तर त्यांच्यावरही तशाच खुणा निघाल्या. सांधा तिरपा घेतला, लाकडाच्या खुंट्या मारल्या, खिळा एकही नाही.

चुन्याचं काम त्याच्या आधीच परसात सुरू झालं होतं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी खड्डा खणायला लावला. कळीचा चुना पोत्यांतून आला, दगडासारखी पांढरी ढेकळं. ती पाण्यात टाकली की पाणी उकळायला लागतं, वाफेचे लोट उठतात, तडतड आवाज येतो. तोंडावर फडकं बांधूनच जवळ जायचं. तो विझलेला चुना गाळून महिनाभर पाण्याखाली ठेवला. जितका मुरेल तितका चांगला, दह्यासारखा नाही, लोण्यासारखा व्हायला पाहिजे, असं मिस्त्री म्हणायचे. रोज खड्ड्यात काठी घालून बघायचे.

मग हिरडा. तो घाटाच्या वरच्या रानातला, महाबळेश्वरच्या बाजूने येतो. हिरडे कुटून पाण्यात भिजत घातले, दुसऱ्या पिंपात गूळ. आठवड्याभरात परसात आंबूस-गोड वास भरला आणि आळीतल्या मुंग्या, माश्या आमच्याकडे लोटल्या. एक घमेलं चुना, एक घमेलं विटांची भुकटी म्हणजे सुर्खी, दोन घमेली वाळू, आणि पाण्याऐवजी हे हिरड्या-गुळाचं पाणी. पूर्वी हा माल बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचे. आम्ही विजेवरची गिरणी भाड्याने आणली. गुळाने चुना सावकाश वाळतो आणि भेगा पडत नाहीत, असा मिस्त्रींचा हिशेब. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, म्हणजे पुन्हा हळूहळू दगडाकडे जात. त्याला महिने लागतात. तोवर ओलं गोणपाट टाकून सांभाळायचा.

भिंतीसाठी मात्र मातीच. उतरवलेल्या भिंतीची माती चाळून तीच परत वापरली. त्यात गव्हाचं भुसकट, शेण, आणि पंधरा दिवस कुजत ठेवायचं. रोज पायाने तुडवायचं. मी तुडवलं, माझ्या मुलाने तुडवलं, पुण्याहून आलेल्या भाचीने तुडवलं. त्याच मातीत जुनी खापरं निघाली, एक बांगडीचा तुकडा निघाला, आणि एका भेंड्यावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा. भेंडा वाळत घातला तेव्हा अंगणात कुत्रं असणार. तो भेंडा आम्ही ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवला आहे.

बाहेरच्या अंगाला अडचण होती. भिंत उघडी पडली म्हणजे तिला पागोळ्यांपासून वाचवायला छपराची वळचण पुढे काढायला हवी, खाली दगडी जोतं उंच करायला हवं. पण सामाईक भिंतीची हद्द तिच्या मध्यातून जाते. भिंतीची बाहेरची अर्धी जाडी आमची नव्हतीच. शेजारच्या काकू साताऱ्याला लेकाकडे गेल्या होत्या. मी आणि आई कागद घेऊन गेलो. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग विचारलं, "माझे कोनाडे बुजवणार का गं?" मी म्हटलं, बुजवावे लागतील काकू, पाणी शिरेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि सही केली. नवीन इमारत बांधणाऱ्यांनीही मधे जागा सोडून दीड फूट वळचणीला हरकत घेतली नाही.

कोनाडे बुजवण्याआधी मिस्त्रींनी न सांगता त्यात पणती लावली. दुसऱ्या दिवशी भेंडे भरले.

जोतं उचलताना मी आळीतली सगळी जोती बघत हिंडले. घाटाकडे जावं तसं जोतं उंच होत जातं. वर कमरेइतकं, खाली पुरुषभर. नदी कुठवर येते ते या दगडांवर लिहिलेलं आहे. गणपतीच्या देवळाने पाणी कापण्यासाठी माशाचा आकार घेतला, आळीतल्या माणसाने आपलं घर तेवढं वर उचललं. एक वाडा पाडून तिथे रस्त्याच्या पातळीवर गाळे काढले की ही उंचीची ओळ तुटते, आणि पुढच्या पुरात पाणी त्या फटीतून मागच्या घरांत जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आळी हे एकच बांधकाम आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. त्यातला एक वाडा काढला की उरलेल्या प्रत्येकाची एक भिंत बाहेरची होते.

मधल्या एका रविवारी मिस्त्री, सुतारमामा आणि मी मेणवलीला गेलो, तीन किलोमीटरवर. नाना फडणविसांचा तो नदीकाठचा वाडा. घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यापाशी नेहमी गर्दी असते. आमचे दोघे घंटेकडे फिरकलेही नाहीत. सुतारमामा चौकात खांबाच्या आणि तुळईच्या सांध्याखाली पाऊण तास मान वर करून उभे होते. परत येताना एकच म्हणाले, "आपला सांधा बराबर घेतलाय."

छपराचं काम एप्रिल-मे. आमच्यावर मंगलोरी कौलं आहेत. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर हा प्रकार हळूहळू आमच्याकडेही आला. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं असणार, कारण जुन्या रिपा फार जवळ जवळ होत्या आणि मधल्या एकाआड एक काढून टाकल्याच्या खुणा वाशांवर आहेत. कौलं उतरवली, घासली, तडकलेली बाजूला काढली, पुन्हा चढवली. वळचण दीड फूट पुढे गेली.

सात जूनला पहिला पाऊस आला. मी मुद्दाम थांबले होते. रात्री माजघरात त्या भिंतीला पाठ लावून बसले. ऑगस्टमध्ये ओल गुडघ्यापर्यंत चढली, पावसाळी ढगासारखा गडद पट्टा उमटला. मी घाबरून मिस्त्रींना फोन केला. "चढू द्या," ते म्हणाले, "दिवाळीला बघा." तुळशीच्या लग्नाला तो पट्टा घोट्याशी होता आणि महिनाभराने दिसेनासा झाला.

उत्तरेकडची भिंत अजून सिमेंटखाली आहे. यंदा पैसे पुरले नाहीत. परसातल्या खड्ड्यात दहा पोत्यांचा चुना पाण्याखाली मुरतोय, वर फळ्या टाकल्यात. आठवड्यातून एकदा आई फळी सरकवते, काठी घालून बघते आणि कळशीभर पाणी ओतते.